दादांचे कपाट आणि आमची हवा

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार मनानेच स्वीकारावा. साष्टांग घालायचा तर फरशीवर जागा हवी, आणि तिथे सध्या माझे शब्दकोश, व्याकरणे आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका आडव्या पडल्या आहेत. का, ते ओघाने येईलच. तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला?

निवृत्तीनंतर तुम्ही सुतारकाम शिकलात आणि पहिलेवहिले पुस्तकांचे कपाट धाकट्या भावाला दिलेत, याचे आम्हाला फार अप्रूप. पॉलिश मुरेपर्यंत त्याला धूळ लागू देऊ नका, अशी तुमची आज्ञा होती. महिनाभर आम्ही घराची एकही खिडकी उघडली नाही. (तुमचे ऐकायची सवय जुनी आहे; कान अजून साक्षीला आहेत.) आठवड्यात माझे डोके दुखू लागले, हिचे डोळे चुरचुरू लागले. वास येतो म्हणून हिने सुगंधी फवारा आणला. फवाऱ्याचा वास जाईना म्हणून फिनेल. डासांसाठी माझी कॉइल होतीच. गंध हा पृथ्वीचा गुण, असे मी वर्गात पंचवीस वर्षे शिकवत आलो; आमच्या बैठकीत पृथ्वी सोडून सगळ्यांचा गंध होता.

शेवटी तुमची पुतणी तिच्या प्रयोगशाळेतून हवा तपासायचे यंत्र घेऊन आली. ते उंबऱ्यातच लाल झाले. मी अन्वयव्यतिरेकाने जायचे ठरवले, म्हणजे एकेक वस्तू बाहेर काढायची आणि आकडा पाहायचा. कॉइल गेली, फवारा गेला, फिनेल गेले. (माझे केसांचे तेलही गेले. त्यावर हिचा डोळा पूर्वीपासूनच होता.) आकडा थोडा उतरला आणि अडून बसला. मग हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी आपण होऊन जिन्यात जाऊन उभा राहिलो. फरक पडला नाही.

कपाटाचे नाव कोणी घेईना. अखेर पोरीनेच त्याचे दार उघडून यंत्र आत धरले, तर ते किंचाळायला लागले. पॉलिश आणि प्लायमधला गोंद, म्हणाली. बंद घरात महिनोन्महिने हवेत उतरत राहतात. ही एवढेच बोलली, "दादांना कळवू नका हं. मन मोडेल त्यांचं." कळवणार नाही असे मी कबूल केले आहे, तेव्हा हे पत्र मिळाल्याचे दाखवू नये.

कपाट आता गच्चीतल्या पत्र्याखाली वारा खात आहे. घरात धूळ आहे, खिडक्या उघड्या आहेत, डोके दुखत नाही.

तुमचा आज्ञाधारक (गेला आठवडा वगळून)
धाकटा

ता. क. तुम्ही दुसरे कपाट करायला घेतल्याचे ऐकले. तेही आम्हालाच असेल तर आनंदच आहे. गच्ची मोठी आहे.

ता. क. आणखी एक, आणि पत्र खरे यासाठीच. वहिनी हिला फोनवर म्हणाल्या की धूळ बसू नये म्हणून तुम्ही आतल्या खोलीत दारे-खिडक्या लावून पॉलिश करता, आणि त्या सोबतीला तिथेच बसतात. त्यांचा खोकला हवा बदलल्याचा, असे तुम्ही म्हणता. त्याला आता तीन ऋतू झाले. रविवारी पोरीला आणि यंत्राला घेऊन येतो. तोवर खिडक्या उघडा, दादा. धूळ लागलेले कपाट मला चालेल.