पट्टेरी खोळीची पाठपिशवी

हिंगणघाट, १४ फेब्रुवारी १९८१

महिनाभर या वहीकडे फिरकलो नाही, चूक माझीच. ओसाकाच्या चार दिवसांच्या सहलीची जुळवाजुळव चालली होती. स्वस्तात जायचं, सगळं पाठीवर न्यायचं, म्हणून कुसुमने गादीच्या पट्टेरी खोळीची पाठपिशवी शिवली. सहलीला सोबत येणारा मोहन आज नागपूरहून एका रात्रीच्या मुक्कामाला आला. पिशवी पाहून म्हणाला,

"गादी घेऊन चालला का बे जपानले?"

मी हसून म्हणालो, "छे, ती सरकी भरायची पिशवी आहे."

कुसुम चहा घेऊन दारातच उभी होती. मग तिने पिशवीचे बंद उसवायला घेतले, मला म्हणाली,

"सरकीले बंद काऊन लागतात?"

बायकोच्या शिवणीची लाज वाटली मला? खांद्याला रुतू नयेत म्हणून त्या बंदांत तिने कापूस भरला होता.

उद्या: बंद स्वतः शिवून, तीच पिशवी पाठीवर घेऊन नागपूरला परतणाऱ्या मोहनला बसस्टँडवर पोचवणे.