साऱ्या बाया माहेरी

दि. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. प्रणालीले आजीचा आशीर्वाद.

आमी सारे बरे हाव. हरभरा घाट्यावर आला. तुही माय गुडघे धरून बसते, पन तिचं बोलनं काही बसलं नाही.

तुहा रेझ्युमे कंडक्टरनं आनून देला. वाचला. लग्नाच्या बायोडाट्यात निदान उंची तरी लिहतात, याच्यात तं तू कुठं दिसतच नाही. 'मेहनती, जबाबदार, शिकन्याची आवड.' अवं, बैल विकतानाबी लोक असंच सांगतात.

पुन्याची ती कंपनी रस्त्याचं, बसगाड्याचं नियोजन करते, तिले गावात फिरून काम केलेली पोरगी पायजे, असं तूच फोनवर म्हनली. अन् लिहलं काय? 'अनुभव : नाही.' काहून वं?

मले मालूम हाय काहून. मागच्या हिवाळ्यात कालेजच्या कामासाठी तू आपल्या फाट्यावर उभी राहिली. कुठं चालल्या, म्हनून बायाइले विचारलं. जिनं तिनं सांगतलं, माहेरी. तुहे सर म्हने, "तुमच्या गावच्या बाया दुसरीकडं जातच नाहीत का?" वर्गातली पोरं हासली. ते अजून तुह्या मनातून जात नाही.

पोरी, फाट्यावर सासरा उभा, भासरा उभा. तिथं पेनवाल्या पोरीले 'दवाखान्यात चालली' असं कोन सांगते?

पन तू पेन घरात ठेवला अन् दुर्गाबाईच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली. मंग बाया बोलल्या. कोनाची कंबर, कोनाचं अंगावर जानं, दुर्गाबाईची छातीतली गाठ. ते सारं तू नावं न घेता डेपोत नेऊन देलं. आता सकायची गाडी गावात येते अन् अमरावतीले दवाखान्यापाशी उतरवते. दुर्गाबाईची गाठ वेळेवर निंघाली. ते रोज तुहं नाव घेते, मले कंटाळा आला आयकून.

आता माहं. त्या दिवशी फाट्यावर मीबी तुले माहेरीच म्हटलं होतं. तू तसंच लिहून घेतलं. घरी आल्यावर विचारलं, "आजी, तेल्हाऱ्यात माहेरी आता कोन उरलं तुहं?"

कोनीच नाही. डोये दाखवाले निंघाली होती मी. गाडीची पाटी दिसेना, अन् कोनाले विचारू, म्हनून दर खेपी फाट्यावरूनच वापस येत होती. घरात कोनालेच सांगतलं नव्हतं. तू हात धरून नेलं. दोन्ही डोयाचं आपरेशन झालं. हे पत्र माह्याच हातचं हाय, दुसरीपर्यंतच्या शाळेचं अक्षर हाय, हासू नको.

ते 'नाही' खोड. बाया खरंच कुठं जातात ते तू शोधलं, असं लिही. इंग्रजी तुहं तू लाव. शुक्रवारच्या आत धाड.

आभार मले मानता येत नाही, अन् या वयात शिकनार नाही.

पुन्याले लागली तं मी येईन, पाटी वाचून गाडीत बसीन. फाट्यावर कोनी विचारलंच, कुठं चालल्या लीलाबाई, तं सांगीन, माहेरी.

या खेपी खरं.

तुही आजी
लीलाबाई