उजेडाला दिलेले तीन हात

तीर्थस्वरूप मामांना, भाच्याचा शिडीच्या चौथ्या पायरीवरून साष्टांग नमस्कार. (शिडीवर साष्टांग घालता येत नाही हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो, मनाने आडवा झालोय असं समजावं.) तुमचा गुडघा, झोप आणि राग हे तिघे कसे आहेत? गुडघ्याची खुशाली मामी कळवतात. रागाची कोणाला कळवावी लागत नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या व्हरांड्याचं काम चालू असताना मी चारचौघांत बोलून गेलो की मामांचा डोळा गेला, आता त्यांनी घरी बसावं, आणि तुम्ही खरोखरच ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून घरी बसलात. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. तो विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. पत्र मामींनी मोठ्याने वाचून दाखवावं, कारण माझं अक्षर दिसलं की तुम्ही ते मिटून उशीखाली ठेवाल. (मामी, इथून पुढचं कंसातलं तेवढं मनातल्या मनात वाचा.)

तर एका जुन्या गोदामाचं आता चित्रांचं दालन केलंय, तिथे मला काम लागलं. छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत काच, भिंती पंधरा फूट उंच आणि सगळंच्या सगळं पांढरं. तिथल्या व्यवस्थापकांना मी मनात हळूसाहेब म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'हळू'ने सुरू होतं. शिडी हळू, बादली हळू, मला शिंक आली तर तीसुद्धा हळू. पुढच्या गुरुवारी एका चित्रकार बाईंचं प्रदर्शन उघडणार आहे. चित्रं टांगताना पेट्यांचे कोपरे लागून भिंतीला ओरखडे पडले होते, ते मी बुजवायचे. चित्रं म्हणजे पाच फळ्या. दाराएवढ्या मोठ्या, भिंतीपासून चार बोटं पुढे टांगलेल्या. चार अजून कापडात गुंडाळलेल्या होत्या, मधली तेवढी उघडी होती, आणि तिच्यावर काहीही नव्हतं. नुसता पांढरा. मी जवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. पांढरा चांगला लागला होता, रोलरची रेघ दिसत नव्हती, एवढं एक कारागीर म्हणून मान्य केलं. हळूसाहेब म्हणाले, हे अमूर्त आहे. (मामी, अमूर्त म्हणजे ज्याच्यासमोर न विचारता मान डोलवायची.) मीही डोलावली. मनात म्हटलं, आपण मामा-भाचे इतकी वर्षं घराघरांत अमूर्तच करत आलोय आणि लोक आपल्याला सांगतात की चप्पल बाहेर काढा. शेजारी पाटी होती: 'कृपया चित्रांना हात लावू नये.' ही पाटी ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवशी ओरखड्यांत लांबीची लुगदी भरली, सुकल्यावर घासली, पांढऱ्याचा एक हात दिला आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर मधल्या फळीच्या कडेने भिंतीवर केशरी डाग. फळीला लागून दाट आणि पुढे विरत विरत गेलेला, हुबेहूब आतून ओल आल्यासारखा. मी हात लावून पाहिलं, भिंत कोरडी. वास घेतला, वास नाही. म्हटलं जुनं गोदाम, कसलं तरी तेल भिंतीत मुरलं असेल, ते वर येतंय. दुसरा हात दिला. आणि मामा, काय सांगू, ब्रशवर पांढरा असलेला रंग भिंतीला टेकला की केशरी. मी ब्रश नाकाजवळ आणून पाहिला तर पांढरा. पुन्हा भिंतीला टेकवला, केशरी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी ढग आले तसा डाग दिसेनासा झाला, जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्या हाताचे गुण गात मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि डाग पुन्हा हजर, कालच्यापेक्षा ताजातवाना. मग खरवडलं, अस्तर दिलं, त्यावर तिसरा हात दिला. डागाने तिसरा हातही गिळला आणि ढेकर दिली नाही.

आता कोणताही समंजस रंगारी काय करेल? डागाचं मूळ शोधेल. हळूसाहेब फोनवर होते (तिथेही हळूच बोलत होते, आणि हळू बोलणाऱ्याचा फोन दुपारभर पुरतो), तेवढ्यात मी फळी अलगद उचलून खाली घेतली आणि पाठ फिरवून पाहिली. पाठ पूर्ण केशरी. नुसता केशरी नाही, डोळ्यांत बोट घालणारा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला (हा प्रकाश पुढे खोटा ठरला) की बाईंनी पाठीला आधी कुठला तरी रंग मारून ठेवलाय, तो नीट सुकला नाही आणि भिंतीवर उतरतोय. शिवाय तुमची शिकवण आठवली. कपाट हलवून कपाटामागची भिंतही रंगवायची, कोणी बघो न बघो. बाई चित्रकार असल्या तरी त्यांना हे कोणी शिकवलं नसेल, त्यांनी पुढचं पांढरं केलं आणि मागचं तसंच सोडलं, असं वाटून मला त्यांची दयासुद्धा आली. तेव्हा पाटीचा मान राखून मी चित्राला हात लावला नाही, दिला. आधी पॉलिशपेपरने खालचा कोपरा चांगला घासून घेतला, कंटाळा आला म्हणून बाकीचं न घासताच पांढऱ्याचे दोन हात दिले आणि सुकल्यावर फळी जागच्या जागी टांगली. डाग गेला होता. साफ गेला होता. त्या दिवशी घरी मी स्वतःच्या हाताने चहा केला आणि सगळ्यांना दिला, इतका खूश होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चित्रकार बाई आल्या. साठीच्या असतील, साध्या, हातात कापडी पिशवी. मधल्या फळीसमोर उभ्या राहिल्या, मग तिथेच जमिनीवर बसल्या. मी कौतुकाची वाट बघत शिडीवर. त्या कोणाला म्हणून नाही, नुसतं म्हणाल्या, "दिवा कोणी विझवला?" मला वाटलं त्या मुख्य बटणाबद्दल बोलतायत, म्हणून मी उत्साहाने सांगितलं की दिवा नव्हता बाई, डाग होता, मी घालवला.

मामा, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उठून बाकीच्या चार फळ्यांची कापडं एक एक करून सोडली. बरोबर बाराचं ऊन होतं. छताच्या काचेतून ते सरळ खाली आलं, फळ्यांच्या मागच्या चार बोटांच्या फटीत शिरलं, केशरी पाठीवर आपटलं, आणि चारही फळ्यांच्या कडांनी भिंत पेटली. दुसरा शब्द मला सुचत नाही. फळ्या होत्या तशाच पांढऱ्या आणि त्यांच्याभोवती भिंतीतून केशरी उजेड श्वास सोडल्यासारखा येत होता. त्या उजेडाला कड नव्हती. कुठे संपतो ते मी शोधत गेलो आणि संपायची जागा सापडली नाही. आणि मधोमध माझी फळी, स्वच्छ आणि मेलेली. बाई म्हणाल्या, हात घाला. मी शेजारच्या फळीमागे हात घातला. हे बोटांवरचे पांढरे ठिपके, नखांतली लांबी, मनगटावरचा शिडीचा वळ, सगळं केशरी झालं. रंग लागला नव्हता. हात बाहेर काढला की माझा, आत घातला की त्या उजेडाचा. मी लहान मुलासारखा आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिलो. हळूसाहेबही 'हळू' म्हणायला विसरले. तीस वर्षं रंग डब्यात असतो असं समजत आलो, आणि इथे रंग कोणत्याही वस्तूवर नव्हता, मधल्या हवेत होता. मला रडू आलं, लपवत नाही. दोन दिवस मी उजेडाला पांढरा देत होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. पांढरा पाण्याचा आणि खालचा केशरी तेलाचा, त्यामुळे न घासलेला भाग उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा सोलून निघाला. पण कोपरा मी घासला होता ना. तिथला केशरी पांढऱ्याबरोबर गेला आणि टॉवेलाएवढं भगदाड राहिलं. जुना रंग बाईंकडे उरलेला नाही, त्यांनी तो कशात काय घालून केला होता ते त्यांनाही आठवत नाही. दोन दिवसांत मी अकरा मिश्रणं केली. डब्यात अकराही बरोबर दिसतात. पाठीला लावून फळी टांगली की भिंतीवर कोणाचा उजेड विटकरी, कोणाचा फिका, एकाचा तर चक्क गुलाबी. तेव्हा मला तुमची बाही आठवली. रंग जुळवताना तुम्ही ओला ब्रश शर्टाच्या पांढऱ्या बाहीजवळ धरायचात आणि ब्रशकडे न बघता बाहीकडे बघायचात. आम्ही मागे हसायचो की मामांना शर्टाची काळजी. तुम्ही रंग बघतच नव्हतात, रंग बाहीवर कसला उजेड टाकतो ते बघत होतात.

आता जो विषय काढणार नव्हतो तो काढतो. काल येताना वाट वाकडी करून मी शाळेत गेलो. तुम्ही व्हरांड्याच्या एका भिंतीला नुसता पांढरा आणि पटांगणासमोरच्या आतल्या भिंतीला निळ्याचे थेंब घातलेला पांढरा लावायला निघाला होतात. मी दोन्ही डबे शेजारी ठेवले, दोन वेगळे पांढरे दिसले, आणि तुमचा डोळा गेला असं जाहीर करून तुमच्या मागे सगळं एकाच पांढऱ्याने रंगवून टाकलं. भिंत एकटी नसते, एवढंच तेव्हा तुम्ही म्हणाला होतात. काल दुपारी मी तिथे उभा राहिलो. समोर लाल फरशीचं पटांगण, त्यावर ऊन, आणि आतली भिंत आजारी गुलाबी. निळ्याच्या थेंबांनी ती पांढरी दिसली असती. दोन वर्षं रोज दुपारी ती भिंत मला खोटं ठरवत होती आणि बघायला मी गेलो नाही.

म्हणून हात जोडून विनंती, पत्र मिळताच निघा. बारावं मिश्रण तुमच्या डोळ्यांशिवाय जुळणार नाही, गुरुवारी बाईंचं प्रदर्शन आहे आणि पाच फळ्यांतली एक कोपऱ्यात विझलेली आहे. मामींना नमस्कार.

आपला, पाटी वाचता येऊनही ती न समजलेला,
भाचा

ता. क. वर 'जुळणार नाही' लिहिलंय ते खोटं आहे. आज दुपारी जुळलं. हत्यारांच्या पेटीत तुमचा जुना पांढरा शर्ट होता, तो घातला (मला तो पोटावर बसत नाही, पण बाही बसते) आणि बाहीकडे बघत बाराव्यात दोन चिमटी पिवळा टाकला. पाचही फळ्या पेटल्या. बाईंनी विचारलं, हे बघायला कोणी शिकवलं, तर मी बाही पुढे केली आणि तुमचं सगळं सांगितलं. तरी वरचा मजकूर खोडत नाही, कारण मदतीला बोलावलं तर तुम्ही याल, माफी मागायला बोलावलं तर मामी एकट्याच येतील.

ता. क. दुसरा. बाई म्हणतात, गुरुवारी तुमच्या मामांनी बारा वाजता यावं आणि फळीमागे पहिला हात त्यांनी घालावा. पाटी त्या दिवसापुरती हळूसाहेब काढून ठेवणार आहेत. (मामी, हा एक कंस मात्र मोठ्याने वाचा. मामांचा डोळा गेला नव्हता. माझा अजून आला नव्हता.)

ता. क. तिसरा. शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोललोय, सुट्टीत ती भिंत पुन्हा करायला ते तयार आहेत. बादलीभर पांढऱ्यात निळ्याचे थेंब किती घालायचे, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. पत्राने कळवू नका, मी आकडा चुकवेन. दुपारच्या उन्हात तिथे उभे राहून बाहीवर बघून सांगा. शिडी मी धरतो.