नेहाचे हातमोजे

बारामती, १८ जानेवारी १९९६, गुरुवार, संध्याकाळ

नात नेहा उद्या औलीला निघाली. बर्फावर स्कीइंग शिकायला! उसाच्या गावातली पोरगी. स्वेटर माझा जुना, विजार रेनकोटच्या कापडाची, इथेच शिवलेली. स्वस्तात भागलं म्हणून तिचे आईबाप खूष. मला धास्ती आज बाजारात घेतलेल्या लोकरी हातमोज्यांची. ओले झाले तर? विचारलं, तर दुकानदार रशीदभाई हसले. "बाई, हितं लोकांनी बर्फ फक्त गोळ्यात बघितलाय. लई गरम हायत, न्या बिनघोर." बिनघोर म्हणे! बोटं काय त्यांची गोठणार आहेत?

घरी येऊन एक हातमोजा भिजवला, हातात घातला आणि फ्रिजमधल्या बर्फावर दाबून धरला. दोन मिनिटांत बोटं बधिर. नेहा तर दिवसभर त्या बर्फात पडणार.

मग पिंपळीच्या भावाकडून डाळिंबावर औषध फवारायचे कोरे रबरी हातमोजे आणवले. लोकरीवर चढतात, पाणी शिरत नाही. बादलीत हात घालून पाहिलं. नेहा किंचाळली, "आजी, मी फवारणीला चाललेय का? सगळे हसतील!"

हसू देत. पण तिथे जाऊन काढून ठेवले तर? मला ती बधिर बोटंच दिसतात, आणि आता माझी नाहीत, तिची.

लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टर आमचे रुमाल हरवू नयेत म्हणून फ्रॉकला पिनेने अडकवायच्या. मी रबरी हातमोजे नाडीने स्वेटरच्या बाह्यांना पक्के शिवून टाकलेत. सकाळी कळेल तेव्हा तमाशा होईल. होऊ दे. परत येऊन दहाही बोटं नाचवत माझ्याशी भांडली, की मी गप्प ऐकून घेईन.