पोटात ठेवलेलं

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
संक्रांतीनंतरचा मंगळवार

प्रिय विशू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहितेय असं समजू नकोस. तू उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं, हे जास्त खरं आहे. मधेच मनू दप्तर टाकून खोलीत आली असती, स्वयंपाकघरातून आईनं कान दिला असता, आणि मी "बरी आहे, तू जेवलास का" एवढं विचारून फोन ठेवला असता. अक्षर वाकडं आलंय ते चालवून घे. डायलिसिसच्या खुर्चीत बसून लिहितेय. डावा हात मशीनला जोडलेला आणि मांडीवर तुझ्या दाजींची, राजेंद्रची, ऑफिसची फाइल. शेजारच्या खुर्चीत बिडकीनचे काकासाहेब असतात. मघाशी त्यांनी विचारलं, "काय ताई, परीक्षा हाय का आज?" मी म्हटलं, "व्हय काका, लई अवघड पेपर आहे." ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

आधी घरचं सांगते. आई दिवाळीपासून माझ्याकडेच आहे. देवगावला तात्या एकटे. अद्रकाची काढणी चालू आहे म्हणून त्यांना राहता येत नाही, पण आठवड्यातून एकदा एसटीनं पिशवी घेऊन येतात. मेथी, टोमॅटो, शेवग्याच्या शेंगा, पेरू. यातलं मला जवळपास काहीच चालत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी आणतात. आई ती भाजी चिरून पाण्यात भिजत घालते, उकळते, पाणी फेकते, परत उकळते, आणि मग जे उरतं त्याला ती भाजी म्हणते. पोटाचे डॉक्टर सांगतात, जुलाब होतात तर पाणी भरपूर प्या. किडनीचे डॉक्टर सांगतात, पाणी मोजून प्या, नाहीतर छातीत भरेल. पोटवाले म्हणतात केळं खा, किडनीवाले म्हणतात केळ्याकडे बघूसुद्धा नका. दोघंही बरोबर आहेत, अवघड तेच आहे. सकाळी उठल्यावर आधी पाय दाबून सूज बघायची, मग पोटाचा अंदाज घ्यायचा, आणि मग ठरवायचं की आज नक्की कशाला घाबरायचं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा तू नववीत होतास. मी इथं कॉलेजला, आणि शनिवारी एसटीनं गावी. एकदा तू मला न्यायला आला होतास. दौलताबादच्या त्या अरुंद दरवाज्यात गाड्या अडकल्या, ना पुढं ना मागं, आणि माझ्या पोटात कळ आली. तू माझा चेहरा बघितलास आणि उठून कंडक्टरला म्हणालास, "मामा, बहिणीला उलटी होतीय, दार उघडा." उलटी म्हणालास, दुसरं काही नाही. सीताफळाच्या झाडांमागं तू माझ्याकडे पाठ करून, ओढणीचा पडदा धरून उभा राहिलास आणि मोठमोठ्यानं सतराचा पाढा म्हणत राहिलास. मला वाटावं की तुला काही ऐकू येत नाही, म्हणून. बस निघून गेली. आपण काळ्यापिवळ्या जीपच्या टपाजवळ लटकत देवगावला पोचलो. घरी उशिराचं कारण तू पंक्चर सांगितलंस. त्याबद्दल आपण दोघं परत कधीच बोललो नाही.

त्या वर्षी डॉक्टरांनी आतड्याचा टीबी सांगितला. नऊ महिने गोळ्या खाल्ल्या. लघवी लाल व्हायची, वजन उतरत चाललेलं. गोजरआत्या येईल त्याला सांगायची, "शहरातल्या पाणीपुरीनं पोरीचं वाटोळं केलं." सगळे एकच विचारायचे, काय खाल्लं होतंस? शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतला तुकडा तपासायला पाठवला आणि क्रोन्स हे नाव सांगितलं. शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, त्याला सुजवतं, जखमा करतं. तात्यांनी विचारलं, "म्हंजे किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "आवरता येईल, पण कायमचं आहे." तात्या बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तर त्यांना सांगताच येईना. ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आपला बाप घाबरलेला.

पुढचं तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. मनू दोन वर्षांची असताना आतडं अडलं, लहान आतड्याचा शेवटचा भाग कापून काढला. त्यामुळे अन्नातलं जे बाहेर पडायला हवं ते रक्तात जायला लागलं आणि किडनीत खडे धरू लागले. एक पडला की दुसरा. पाठीतून कळ निघाली की मी मेडिकलमधून दुखण्याची गोळी घ्यायचे आणि वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसायचे. मुतखडा काय, निम्म्या मराठवाड्याला असतो, असं सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी पायात चपला जाईनात तेव्हा रक्त तपासलं. किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि आधी राजेंद्रला खुर्ची दिली.

मागच्या महिन्यातलं तुला कुणी सांगितलं नसेल, कारण मीच नको म्हटलं होतं. माझ्या डाव्या हातात शिरांचा जोड केलाय ना, फिस्टुला, ज्यातून मशीनला रक्त जातं, त्याच्यावर बोटं ठेवली की आत घरघर लागते. मांजर अंगावर झोपल्यावर लागते ना, तशी. ती चालू असली की हात चालू. दिवसभरात कितीदा तरी बोटं आपोआप तिकडं जातात. तर त्या दिवशी सकाळपासून पोट बिघडलं होतं. जुलाब थांबेनात, अंगातलं पाणी गेलं, बीपी उतरलं. दुपारी मनूचा डबा घासत होते, सवयीनं हाताला हात लावला आणि आत काहीच नव्हतं. भिंतीला हात लावावा तसं. मी दुसरीकडे बोट ठेवलं, मग तिसरीकडे. आई मागून म्हणाली, "काय झालं गं, अशी का उभीयस?" मी तिचा हात धरून तिथं ठेवला. तिनं क्षणभर वाट बघितली आणि पायात चप्पल घातली. राजेंद्र ऑफिसातून निघेपर्यंत थांबली नाही, खाली जाऊन रिक्षा उभी केली. रस्ताभर ती माझा हात चोळत होती आणि मला एवढंच दिसत होतं की हा बंद पडला तर मानेत नळी, मग दुसरा हात, आणि दुसराही बंद पडला तर? त्याच्या पुढचा विचार मी केला नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी आतली गुठळी काढली. हात परत घरघरायला लागला तेव्हा आईनं तिथं कान लावला आणि तशीच बसून राहिली. नर्सनं दोनदा उठवलं, उठली नाही.

तेव्हापासून मला माझी कमी आणि मनूची जास्त भीती वाटते. ती दहा वर्षांची आहे, शाळेला बुट्टी मारायची असली की पोट दुखतं म्हणते. सगळीच पोरं म्हणतात. पण ती तसं म्हणाली की मी कपाळाला हात लावायच्या आधी तिची नखं बघते, डोळे ओढून बघते, बाथरूमच्या बाहेर उभी राहते. परवा ती वैतागून म्हणाली, "आई, मला खरंच फक्त गणिताची भीती वाटतीय." मी हसले आणि गॅलरीत जाऊन रडले.

आता तुझ्याबद्दल. लोक काय बोलतात ते तुझ्यापर्यंत आलं असणार. तू दिवाळीत आलास आणि पाडव्याला दुपारीच इंदूरला परत निघालास, भाऊबीज न करता. मी ताट लावून ठेवलं होतं. गोजरआत्या भरल्या घरात बोलली, "बहिणीला किडनी द्यावी लागल म्हणून पळाला." तात्यांनी तिला गप्प केलं, पण नंतर तेही अद्रकाच्या भावावरच बोलत राहिले, तुझं नाव काढलं नाही. विशू, तू फोन उचलला असतास तर एक गोष्ट केव्हाच कळली असती. तुझी किडनी कुणी मागणारच नव्हतं. तात्यांना शुगर आहे म्हणून ते बाद झाले, राजेंद्रचा रक्तगट जुळला नाही, आणि डॉक्टरांनी भावाबद्दल विचारायच्या आत आई म्हणाली, "आधी माझं बघा." तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. ती देऊ शकते. माझं पोट काही महिने शांत राहिलं तर उन्हाळ्यात ऑपरेशन. नव्या किडनीतही खडे होऊ शकतात हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आईला वाटतं मला ते नीट ऐकू आलं नाही, मला वाटतं तिला ऐकू आलं नाही, म्हणून आम्ही दोघी तो विषय काढत नाही. ती साठीची आहे. पण किडनी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

पाडव्याच्या सकाळी मी पॅसेजमध्ये रांगोळीचे डबे काढत होते आणि तू बाथरूममध्ये होतास. नळ पूर्ण सोडलेला, बादली भरून वाहत होती, तरी तू बंद करत नव्हतास. घरात एवढी माणसं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. हे मी पंधरा वर्षं करतेय, विशू, मला कुणी शिकवायला नको. मग मी बाकीचं बघितलं. पट्ट्याला सुरीनं पाडलेलं नवीन भोक. ताटात नुसता दहीभात. पाण्याबरोबर गुपचूप घेतलेली दुखण्याची गोळी. तू निघालास तेव्हा मी अडवलं नाही, नंतरही कुणाला विचारलं नाही, माझा अंदाज चुकीचा ठरावा म्हणून. शेवटी परवा तुझ्या वैदेहीला फोन केला. ती रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, सहा महिने झाले, रक्त जातंय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, आत्ता सांगितलं तर सगळे म्हणतील किडनी द्यायची टाळायला आजार काढला." हे ऐकल्यापासून मला झोप नाही. त्यासाठी लिहितेय. तुला मूळव्याध असेल, साधं काही असेल, देव करो आणि तसंच असो, पण तू माझा सख्खा भाऊ आहेस आणि हे आपल्या घरात एकदा आलेलं आहे. दुखण्याच्या गोळ्या आज, हे वाचून झाल्यावर, फेकून दे. माझ्या किडनीची निम्मी वाट त्यांनी लावली असं डॉक्टर म्हणतात. पोटाच्या डॉक्टरांकडे मी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचा तुझा नंबर लावलाय. बुधवारी ये, गाडी चालवत येऊ नकोस, वैदेहीला बरोबर आण. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, ते खारट असतं आणि संपता संपत नाही. थंड करून, लिंबू पिळून घेतलं की जातं, मी करून ठेवीन. आतली खोली तुझी, तिला लागून बाथरूम आहे, तिकडं कुणाला फिरकू देणार नाही. आई-तात्यांना काय सांगायचं ते रिपोर्ट आल्यावर आपण दोघं मिळून ठरवू. मला माझ्या आजाराचीसुद्धा इतकी भीती कधी वाटली नव्हती. ये, विशू.

वाट बघणारी
तुझीच,
तनूताई