तक्रार माझ्याच नावाने

नाशिक,
अक्षय्य तृतीया

प्रिय उत्तरा,

तुझं बोचकं मिळालं. कुरडया, बाजरीच्या खारोड्या आणि लसणाची चटणी, सगळं धड पोचलं. चार कुरडया मोडल्या होत्या, त्या लगेच तळल्या. मनमाडहून एसटीत ठेवून आणणाऱ्याने पन्नास रुपये घेतले आणि स्टँडपासून रिक्षाचे साठ झाले. मी म्हटलं, एवढ्यात इथे खारोड्या विकत आल्या असत्या. तर हे म्हणाले, "उत्तराच्या हातच्या आल्या असत्या का?" पण बोचकं उलटंपालटं करून पाहिलं, चिठ्ठी काही सापडली नाही बाई. आता हे पाकीट पाच रुपयांचं आणि आतले कागद ओवीच्या जुन्या वहीतले, म्हणजे फुकटच. तेव्हा हात राखून लिहिणार नाही. तूही दार लोटून निवांत वाच.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर तू मोबाईल कपाटात टाकलास, नाशिकला यायचं सोडलंस. संक्रांतीला मी मनमाडला आले तेव्हा चहा दिलास, तिळगूळ दिलास, पण मोकळं बोलली नाहीस. तुझ्या जावयांकडच्या लोकांच्या ग्रुपवर कोणीतरी तो घाटावर तू लुगडं बदलतानाचा व्हिडिओ टाकून खाली "ह्या आपल्या उत्तराताई ना?" असं विचारलं, तेव्हापासून तुझी मानच वर होत नाही. निघताना एवढंच म्हणालीस, "छाया, आता ह्या वयात गंगेवर कुठल्या तोंडाने येऊ?" परत येताना गाडीत माझं डोकं तापलं. तोंड लपवायचं त्याने की आपण?

घरी आल्यावर ओवीला म्हटलं, बाळा, हे इंटरनेट म्हणजे नक्की काय ते तुझ्या आजीला पहिल्यापासून सांग. ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने सांगितलं ते असं. अमेरिकेत पन्नाससाठ वर्षांपूर्वी दूरदूरच्या विद्यापीठांतली यंत्रं तारेने जोडली, शास्त्रज्ञांना एकमेकांचं काम बघता यावं म्हणून. पहिला निरोप पाठवायला घेतला तर दोन अक्षरं पोचली आणि यंत्र बंद पडलं! मी पोट धरून हसले. पुढे ती म्हणाली ते मात्र मनात राहिलं. त्या वेळी जोडलेले सगळे एकमेकांना ओळखणारे, म्हणून कुलूपकडीचा फारसा विचार कोणी केलाच नाही. मग जोडणी वाढत वाढत सगळं जग आत आलं आणि कुलपं नंतर शोधावी लागली. मी तिला म्हटलं, अगं, हे तर आमच्या गोदेच्या घाटासारखंच झालं.

आठव, आपण परकर नेसत होतो तेव्हापासून पंचवटीतल्या बायका गंगेवर उघड्यावरच लुगडी बदलायच्या. शेजारी पुरुष, यात्रेकरू, गुरुजी, सगळे असायचे. पण बाई ओलेती वर आली की पुरुष आपोआप पाठ फिरवायचे. तुझे अण्णा तर मंत्र म्हणता म्हणता वळायचे, मंत्र तुटायचा नाही. सांगावं लागायचं नाही, पाटी नव्हती. एवढ्या गर्दीत आपल्याला आडोसा होता तो त्या फिरवलेल्या पाठींचा. कॅमेऱ्याला पाठच नसते गं, तो काय फिरवणार! ते काम त्याला धरणाऱ्याचं, आणि ते त्याला कोणी शिकवलेलं नाही.

तर मी आधी मोबाईलवरूनच सुरुवात केली. ओवीने दाखवलं की व्हिडिओखाली तक्रारीचं बटण असतं. दुपारी ती कॉलेजात असताना मी देवाचं नाव घेऊन दाबलं. संध्याकाळी तिने पाहिलं तर म्हणते, "आजी, तू त्याला लाईक दिलास! शाबासकी दिलीस त्याला!" हे पलंगावरून म्हणाले, "दहावी झालीस, वकील नाही झालीस." मी म्हटलं, बरं, मग प्रत्यक्षच जाते. तेव्हा मात्र ह्यांचा आवाज बदलला. पोलिसांत बाईमाणसाचं नाव, उद्या चारचौघांत चर्चा, गुरुजी मंडळींत आपलं उठणंबसणं. मी देवापुढे दिवा लावत होते. तिथूनच म्हटलं, चर्चा तर होतेच आहे, नाव तेवढं नाही त्यात.

अडचण वेगळीच होती. तक्रार करायची तर व्हिडिओतल्या बाईने करावी, नाहीतर तिच्या वतीने कोणी. वतीने म्हटलं की तुझं नाव, तुझा पत्ता कागदावर येणार. ते तुला नको, हे तू न बोलताही मला कळलं होतं. दोन दिवस त्याच विचारात गेले. मग एका सकाळी जप करताना मनात आलं, आपण तो व्हिडिओ एकदा नीट पाहिलाच नाही. लाजेने डोळे मिटून पाहिला होता. ओवीला म्हटलं, लाव. उत्तरा, सगळ्यांनी तुझी पाठ पाहिली, पण शाल धरून आडोसा करणारी कोण आहे ते कोणी पाहिलंच नाही. वाऱ्याने शाल उडते आणि मी ती पकडायला वाकते. ओला पदर, उघडे दंड, विस्कटलेले केस, आणि तोंड सरळ कॅमेऱ्याकडे! तुझा चेहरा तर क्षणभर, तोही निम्मा. त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतेय ती मी.

एवढा आनंद मला ओवी झाली तेव्हाच झाला असेल. दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, चला, माझाच व्हिडिओ आहे. हे मुकाट्याने चपला घालून निघाले. सायबरच्या कचेरीत चैतालीमॅडम म्हणून तरुण अधिकारी होत्या. त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "ह्यात तुम्ही कोणत्या?" मी बोट ठेवलं. "आणि ह्या दुसऱ्या बाई?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण. तिचं नाव सांगितल्याशिवाय माझं काम होणार नसेल तर तसं सांगा, मी उठते." त्या हसल्या. म्हणाल्या, "बसा काकू. तुमचं एकटीचं नाव पुरतं." बाईला अशा अवस्थेत चोरून टिपणं, पसरवणं हा गुन्हा आहे, आणि तक्रार गेली की कंपनीला ते ठरलेल्या मुदतीत काढावंच लागतं. त्यांनीच सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने म्हटलंय, माणसाचं खासगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे. मी म्हटलं, नऊ जणांना जमून सांगावं लागलं, आमच्या घाटावरचे अण्णा नुसती पाठ फिरवून सांगायचे.

व्हिडिओ निघाला! दुसऱ्या दिवशी ओवी शोध शोध शोधते, सापडेना. आठवड्याने एका कोपऱ्यात पुन्हा उगवला, तोही मॅडमनी काढवला. जगातून पार पुसला गेला असं मी तुला खोटं सांगणार नाही. कोणाच्या फोनात पडलेलाही असेल. पण आता पुढे पाठवणाऱ्याला भीती आहे. तुझ्या जावयांकडच्या ग्रुपवर विचारणारे होते ना, त्यांनी सगळ्यांत आधी पुसला म्हणे.

आणि तो व्हिडिओ काढून टाकणारा चॅनेलवाला बंटी, तिशीचा बाप्या, मॅडमनी बोलावल्यावर बायकोला घेऊन आला. आधी ताठ होता. म्हणे, "काकू, घाट पब्लिक आहे." मी म्हटलं, घाट सगळ्यांचा आहे रे, बाईची पाठ सगळ्यांची नाही. त्याची बायको त्याच्याकडे अशी काही बघायला लागली की त्याने मान खाली घातली ती शेवटपर्यंत. माफी लिहून दिली, आणि चॅनेलवर येऊन बोललाही की माझं चुकलं, घाटावर आंघोळीच्या वेळी फोन खिशात ठेवा. केस काय व्हायची ती होईल, मी मागे घेतलेली नाही.

आता घाटावर ये आणि बघ. सिंहस्थाच्या कामांनी धूळ उडतेय, जिकडेतिकडे पत्रे, पण फुलवाली बायडाबाई पहाटेपासून पहारा देते. कोणी फोन वर केला की तिचा आवाज पुलापर्यंत जातो, "ए दादा, खाली घे तो! नाय तं तुला आन फोनला संगंच गंगास्नान घडवीन!" परवा एक सुटाबुटातला पाहुणा फोटो काढत होता, घाबरून त्याने फोनसकट हातच जोडले. गुरुजी मंडळींनी पाटी लावलीय, बायकांनी चांगल्या जाड कापडाचा आडोसा शिवलाय. कापड घाऊक आणलं ते मीच, घासाघीस करून.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल, कारण ह्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्रिपुरीपासून मी गंगेत उतरलेले नाही. रोज जाते, काठावरून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावते आणि परत येते. शाल माझ्या हातून सुटली होती, म्हणून व्हिडिओ फिरला त्याच दिवशी मनाशी म्हटलं की उत्तरा येईल तेव्हाच बुडी मारीन. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, महाशिवरात्रीलाही कोरडीच परतले. तुझं नाव कुठल्याच कागदावर नाही, व्हिडिओ निघाला, माफी मिळाली, आता तुला अडवणारं मला काही दिसत नाही. महिन्याभरात अधिक मास लागतोय. अधिकातलं स्नान मी चुकवणार नाही आणि एकटी उतरणारही नाही, तेव्हा मला कोरडं ठेवायचं की भिजवायचं ते तुझ्या हाती. पहिल्याच दिवशी सकाळच्या गाडीने ये, हे स्टेशनवर उभे राहतील. येतेस एवढा एक शब्द लिही, पण उलट टपाली लिही.

तुझी वाट पाहणारी, तुझीच,
छाया