पाठीवर सुई देत नाहीत

प्रिय पद्मा,

आई फोनवर मोठ्या खुशीत सांगत होती, माझ्या दिराचं, राकेशचं स्थळ तुले पसंत पडलं, आता साखरपुडा उरकून टाकू. सख्ख्या बहिणी जावा झाल्या का घर एकजीव राहते, असं तिचं नेहमीचं. फोनवर काही बोलता येत नव्हतं. माझा नवरा लोकेश समोरच बसून होता, म्हणून मी नुसतं हव, हव करत राहिली.

माझी मांडी जिन्यावरून पडून मोडली नाही, पद्मा. लोकेशनं मोडली. त्याच्या भनपुरीच्या गॅरेजातून टायर उघडायची लोखंडी टामी घरी आणली होती, तिनंच मारलं. काहून, तर त्याले न विचारता मी तुमच्याकडे यायचं ठरवलं. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानानं ऐकला. माणूस नाही, राक्षस आहे मेला.

ऑपरेशननंतर डॉक्टरनं पोटातली इंजेक्शनं लिहून दिली. पडून राहिलं का पायात रक्ताच्या गाठी होतात, अन् एखादी सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस जागच्या जागी जाते. गाठ रोखणारं द्रव्य आपल्या रक्तात असतेच, हे औषध त्यालेच जोर देते, असं पट्टी बदलायला येणाऱ्या नीलिमा सिस्टरनं समजावलं. सुई लोकेशच देते. बेंबीपासून जागा सोडून, चामडी चिमटीत धरून, अगदी हळू. आमच्या मोहल्ल्यातल्या, तात्यापाऱ्यातल्या बाया म्हणतात, नवरा असावा तर असा. जळो ते कौतुक.

या औषधावर मार बसला का रक्त आतल्या आत पसरत जाते. परवा त्यानं माझ्याच कुबडीनं मले झोडपलं. सारी पाठ वांग्यासारखी काळीनिळी झाली. सिस्टरले म्हणे, इंजेक्शनचे डाग आहेत. तिनं त्याले कापूस आणायला धाडलं अन् हळूच विचारलं, “दीदी, पीठ में कौन सुई लगाता है?” इतके दिवस डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, तेव्हा मात्र मी हमसून हमसून रडली. तिनं पाठीचे फोटो काढले. उद्या तपासणीच्या नावानं ती मले घेऊन जाते, तिथून आम्ही सरळ पोलीस ठाण्यात जाणार आहो.

तू त्याआधी नाही म्हण. आई म्हणेल, लोकेश तापट आहे, पण राकेश गरीब गाय आहे. तिले हे वाचून दाखव. टामी लोकेशच्या हातात होती. माझा पाय पायरीवर दाबून धरला होता, तो राकेशनं.

तुझीच,
कुसुमताई